दूध वर्ज्य करावे काय? एक नैतिक प्रश्न आणि त्याचे वकील

लष्करच्या सराफा बाजारात दया आणि व्यापार यांचा शेजार फार जुना आहे. महाराज बाड्याकडून आत वळले की कोरीव दगडी दर्शनी भागांच्या इमारती लागतात. खाली सोन्याचांदीच्या पेढ्या, वर राहती घरे. येथील कित्येक व्यापारी कुटुंबांत कांदा-लसूणही वर्ज्य आहे. पाण्याला गाळणे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले आहेत. गावावर उभ्या असलेल्या किल्ल्याच्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह व कीर्तिसिंह यांच्या काळात, तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती कोरल्या गेल्या. अहिंसेचा उपदेश या गावाला कोणी नव्याने करावा अशी परिस्थिती नाही.

आणि तरीही, याच बाजारात नथीसाठी मोती विकला जातो, तो शिंपल्यातील जीव मारून काढलेला असतो. शेजारच्या कापडदुकानात चंदेरी आणि पैठणी मिळते. तिच्यातील रेशमासाठी हजारो कोश उकळलेले असतात. मिठाईवाल्याकडे बर्फीवर चांदीचा वरख असतो. आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरी दूध येते. अलीकडे काही तरुण मंडळी या सर्वांविषयी प्रश्न विचारू लागली आहेत. मांस तर नाहीच, परंतु दूध, तूप, मध, रेशीम हेही प्राण्याला वेठीस धरून मिळते, म्हणून तेही नको, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजीतून आलेला ‘व्हीगन’ हा शब्द आता आपल्या घरांतही रुळला आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन अन्नपदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र चिन्हही लागू केले.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. लेखक, तत्त्वज्ञ, पुढारी, समाजात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसे, शुद्ध वनस्पत्याहाराची नैतिक बाजू सर्वसामान्य माणसाला पटेल अशा रीतीने मांडू शकतात काय? मी स्वतः व्हीगन नाही. माझ्या चहात दूध असते. त्यामुळे हा लेख प्रचाराचा नाही. परंतु सराफ्याच्या परिसरात बरीच वर्षे वैद्यकी केल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रुग्णांच्या रूपाने येऊ लागला आहे, आणि आपल्या मंडळातील इतर डॉक्टरांसमोरही तो येत असणार.

वरखाची गोष्ट

प्रथम एका यशस्वी युक्तिवादाकडे पाहू. वरख तयार करण्याची परंपरागत रीत अशी, की चांदीचे पातळ तुकडे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या पानांच्या वहीत ठेवायचे आणि ती वही हातोडीने तासन्‌तास ठोकायची. कागद फाटतो, कापड चिकटते; आतड्याचे पान मात्र चिवट आणि लवचीक असते. देवाच्या नैवेद्यावर, जैन मंदिरांतील मूर्तींच्या अंगरचनेत आणि सोवळ्यातील पेढ्यांवर हाच वरख पिढ्यान्‌पिढ्या लागत आला.

पुण्यात १९७४ साली सुरू झालेल्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’च्या भारतीय शाखेने ही माहिती लोकांपुढे आणली आणि वर्षानुवर्षे लावून धरली. अखेर २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्य वरखाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई केली. यंत्रावर, कृत्रिम पानांत वरख करण्याची सोय तोपर्यंत झालेली होती.

हा युक्तिवाद का पटला, याचा विचार करण्यासारखा आहे. ऐकणाऱ्याला नवे तत्त्व शिकवावे लागले नाही. ते तत्त्व त्याच्या घरात आधीपासूनच होते. त्याला फक्त एक वस्तुस्थिती ठाऊक नव्हती, ती सांगितली गेली. ती तपासून पाहता येत होती. आणि वरख सोडल्याने किंवा बदलल्याने कोणाच्या पोटावर पाय येत नव्हता, कोणाची प्रकृती बिघडत नव्हती. तत्त्व ऐकणाऱ्याचे, माहिती खरी, पर्याय हाताशी आणि किंमत अल्प, अशा चार गोष्टी जुळल्या की मन वळते.

दुधाच्या बाबतीत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जुळतात. शेवटच्या दोन मात्र अवघड आहेत.

युक्तिवाद काय आहे?

पाश्चात्त्य विचारात या मताची वंशावळ साधारण अशी आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटले, की प्राण्याला बुद्धी आहे का, वाणी आहे का, हे प्रश्न गौण आहेत. त्याला वेदना होते का, एवढे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री सॉल्ट याने शाकाहाराची बाजू नैतिक पायावर मांडली. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्याच्या सहकाऱ्यांनी दूधही न घेणाऱ्यांसाठी वेगळी संस्था काढली आणि ‘व्हीगन’ हा शब्द घडवला. १९७५ मध्ये पीटर सिंगर यांचे ‘ॲनिमल लिबरेशन’ आले. १९८३ मध्ये टॉम रेगन यांनी, प्राणी हे स्वतःच्या आयुष्याचे धनी आहेत, दुसऱ्याच्या उपयोगाची साधने नव्हेत, असे हक्कांच्या भाषेत प्रतिपादन केले.

युक्तिवादाचा गाभा तीन वाक्यांत येतो. निष्कारण वेदना देणे वाईट आहे. प्राण्यांना वेदना होते. ज्या अन्नावाचून आपण निरोगी जगू शकतो, त्या अन्नासाठी दिलेली वेदना निष्कारण आहे. यांतील पहिले वाक्य कोणीही नाकारणार नाही. दुसरे आपण वैद्यकीय मंडळी तर मुळीच नाकारू शकत नाही; सस्तन प्राण्यांची मज्जासंस्था आपण शिकलो आहोत. वाद राहतो तो तिसऱ्या वाक्यात, आणि त्यातही ‘आपण’ या शब्दात. आपण म्हणजे कोण? लष्करातील डॉक्टर, की भिंडच्या वाटेवरचा दोन म्हशींवर घर चालवणारा शेतकरी?

भारतीय माणूस येथे म्हणतो, मांसाचे ठीक आहे, पण दुधासाठी कोणी मारत नाही. गाय दूध देते. या ‘देते’ क्रियापदात आपली सारी संस्कृती साठवलेली आहे. गाय दूध देते ते वासराला. आपण ते घेतो. आणि दूध मिळत राहावे म्हणून तिला ठरावीक अंतराने वेत व्हावे लागते. जन्मणाऱ्या वासरांत नर आणि मादी साधारण निम्मेनिम्मे असतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गोवंशाची संख्या १९ कोटी २५ लाखांच्या आसपास होती. त्यांत माद्या सुमारे साडेचौदा कोटी आणि नर पावणेपाच कोटींहून कमी. आधीच्या, २०१२ च्या गणनेशी ताडून पाहता माद्या सुमारे १८ टक्के वाढल्या होत्या आणि नर जवळजवळ ३० टक्के घटले होते. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले, आणि बैल होऊ शकणारा गोऱ्हाही गेला. कोठे गेला, हे गणनेत लिहिलेले नसते. त्याच गणनेत मोकाट गुरांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. त्यांतील काही आपण रोज आपल्या रस्त्यांवर पाहतो.

म्हशीची कथा आणखी स्पष्ट आहे. देशाच्या दुधापैकी निम्म्याजवळ दूध म्हशीचे असते. गोवधबंदीचा कायदा तिला लागू नाही, आणि भारत हा म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. आटलेली म्हैस आणि नको असलेला रेडा यांचा शेवट कोठे होतो, हे सांगण्याची गरज नाही. दूध आणि मांस हे दोन निराळे धंदे आहेत ही आपली सोयीची समजूत आहे. हिशेबाच्या वहीत ते एकाच पानावर येतात.

एक सार्वजनिक प्रयोग

या प्रश्नावर स्वतःच्या शरीराने उत्तर शोधणारा सर्वांत मोठा भारतीय म्हणजे महात्मा गांधी. ‘व्हीगन’ हा शब्द जन्मण्याच्या बत्तीस वर्षे आधी, १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले. संयमाचा विचार त्यामागे होताच. शिवाय कलकत्त्याहून आलेल्या काही लिखाणात गाई-म्हशींवर होणाऱ्या अत्याचारांचे वर्णन त्यांनी वाचले होते. जास्त दूध निघावे म्हणून केल्या जाणाऱ्या ‘फुंका’ या क्रूर प्रकाराची त्यांना विशेष किळस होती. (प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या बाराव्या कलमाने फुंका आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस घातक असे कोणतेही टोचणे हा गुन्हा ठरवला आहे. ऑक्सिटोसिनच्या गैरवापराची तक्रार मात्र आजही थांबलेली नाही.)

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या धावपळीत गांधीजींना आमांशाने घेरले. प्रकृती इतकी ढासळली की जगण्याची आशा सुटली. पुढे मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना तपासले आणि सांगितले, की दूध घेतल्यावाचून शरीर पुन्हा भरणार नाही. गांधीजींनी व्रत सांगितले. व्रताचे कारण विचारले गेले तेव्हा फुंक्याचा विषय निघाला. खाटेशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तेथेच सुचवले, की मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. आणि डॉक्टरांनी ते लगेच उचलून धरले. गांधीजींनी मान्य केले. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, म्हणून शब्द पाळला गेला. पण व्रताचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत स्पष्टपणे लिहून ठेवली आहे. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ अनुभवी वैद्य-डॉक्टरांनी सुचवावा, असेही त्यांचे मागणे होते.

या घटनेकडे दोन दृष्टींनी पाहता येते. कोणी म्हणेल, पाहा, एवढ्या निग्रही माणसालाही दुधावाचून जगता आले नाही. परंतु मला त्यांच्या युक्तिवादाचे बळ नेमके येथेच दिसते. त्यांनी प्रयोग उघड्यावर केला आणि त्याचा निकालही उघड्यावर सांगितला, प्रतिकूल असला तरी. वैद्यकातही ज्या संशोधकाचे फक्त यशस्वी निष्कर्षच छापून येतात, त्याच्यावर आपण विश्वास ठेवत नाही. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळींपुढे बोलताना गांधीजींनी सांगितले, की केवळ आरोग्यासाठी शाकाहार धरणारे बहुधा मागे फिरतात. नैतिक पाया असेल तोच टिकतो. त्या सभेला हेन्री सॉल्ट स्वतः उपस्थित होते. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य रोगाने तडफडणाऱ्या वासराला त्यांनी डॉक्टरांकरवी सुई देऊन मरण दिले, तेव्हा रागाची पत्रे ढिगाने आली. त्यांनी त्यांना आपल्या पत्रांतून उत्तरे दिली. वेदना आणि वध हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे स्वकीयांना सांगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

त्यांचे महाराष्ट्रीय शिष्य विनोबा भावे यांची वाट वेगळी झाली. त्यांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालू राहिला. मागणी गाय-बैलाचा वध थांबवण्याची होती. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या विधेयकास २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैलाचा वधही बंद झाला. आपल्या मध्य प्रदेशात २००४ चा कायदा आहेच. परंतु कायदा वध थांबवू शकतो, वैरण पुरवू शकत नाही. आपल्या महापालिकेच्या लाल टिपारा गोशाळेत हजारो जनावरे आहेत. तेथे शेणापासून वायू तयार करण्याचा प्रकल्पही २०२४ मध्ये सुरू झाला. हे काम स्तुत्यच आहे. पण एवढी जनावरे तेथे येतात कोठून, हा प्रश्न दुधाच्या बरणीपाशीच संपतो.

ज्याला हा उपदेश ऐकू येत नाही

शाकाहाराच्या नैतिक भाषेला आपल्या देशात एक अडचण आहे, जी लंडन किंवा मेलबर्नच्या तत्त्वज्ञाला नसते. येथे ‘तू हे खातोस’ या वाक्याचा अर्थ शतकानुशतके ‘तू अपवित्र आहेस’ असा होत आला. महूला, म्हणजे आपल्याच प्रदेशात, जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध तपशीलवार मांडला. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्या आपल्या पंगतीत कोणाचे अन्न कधी वाढलेच गेले नाही, हे त्या शीर्षकातच दिसते. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांना त्याच जनावराचे मांस खाल्ल्याबद्दल हीन ठरवणे, आणि त्या जनावराचे दूध आयुष्यभर पिणाऱ्याने स्वतःस दयाळू म्हणवणे, यात न्याय कोठे आहे?

धर्मानंद कोसंबी यांचेही उदाहरण बोलके आहे. गोव्यात जन्मलेल्या या बौद्ध पंडिताने ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात प्राचीन श्रमणांच्या मांसाशनाची चर्चा पुराव्यांसह केली, तेव्हा काही मंडळी अतिशय संतापली. कोसंबी स्वतः अहिंसेचे उपासक होते. परंतु अहिंसा शिकवण्यासाठी इतिहास झाकला पाहिजे असे त्यांना वाटले नाही.

व्हीगन विचाराचे खरे वेगळेपण मला येथेच जाणवते. तो नीट मांडला तर सोवळ्याओवळ्याच्या जुन्या उतरंडीला आधार देण्याऐवजी तिचा पाया काढून घेतो. कारण तो पहिला प्रश्न मांसाहारी शेजाऱ्याला न विचारता आपल्या तूप-लोण्याच्या स्वयंपाकघराला विचारतो. ज्या विचारवंताला हे उमगत नाही आणि जो आपल्या ताटाच्या शुद्धतेच्या अभिमानाने बोलतो, त्याचे म्हणणे देशातील बहुसंख्य लोक, जे कधी ना कधी मांस-मासळी खातात, ऐकणार नाहीत. आणि न ऐकण्याचा त्यांना अधिकार आहे.

शरीराचे म्हणणे

आता आपल्या विषयाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी सराफ्यातील एका मराठी कुटुंबातील लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पुण्यात असताना तिने दूध सोडले होते. घरात वाद पेटला. आजी म्हणाल्या, “अहो डॉक्टर, हिला समजवा. डिंकाचे लाडू तुपावाचून वळू का आता? अळिवाची खीर पाण्यात शिजवू?” मुलगी म्हणाली, “काका, मी आजीला दूध सोड म्हणत नाही. मला एवढंच सांगा, यानं बाळाला धोका आहे का?” दोघींनी मला पंच नेमले होते, आणि दोघींचीही अपेक्षा मी आपल्या बाजूने बोलावे अशी होती.

तिच्या रक्तातील जीवनसत्त्व बी-१२ फार कमी निघाले. आजींना वाटले, निकाल लागला. परंतु मी त्यांचीही तपासणी करवली. दोन वेळा दूध आणि दुपारी ताक घेणाऱ्या आजींचे बी-१२ देखील कमीच होते.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही आणि कोणताही प्राणीही तयार करत नाही. ते सूक्ष्म जीवाणू तयार करतात. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, इतकी थोडी. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून दूध सोडणाऱ्याला सुरुवातीला सारे ठीक वाटते आणि मुंग्या, थकवा, विसराळूपणा, तोल जाणे ही लक्षणे उशिरा, कधी कधी मज्जारज्जूला इजा झाल्यावर दिसतात. हे नैतिक युक्तिवाद करणाऱ्याने लपवता कामा नये. परंतु दुसरी बाजूही लपवता कामा नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. त्या स्त्रिया व्हीगन नव्हत्या. तरीही त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींत बी-१२ कमी आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. म्हणजे गर्भवतीला नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देऊन बी-१२ कडे दुर्लक्ष करणे हे दूध पिणाऱ्या घरातही धोक्याचे आहे.

त्या मुलीला बी-१२ ची इंजेक्शने दिली. पुढे गोळ्या, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि डाळी, तीळ, शेंगदाणे, नाचणी, सोयाबीन यांचा नीट आखलेला आहार सुरू केला. औषधातील बी-१२ जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यामुळे तिच्या तत्त्वाला बाध आला नाही. आजींनाही तेच औषध लागले. लाडू खोबऱ्याच्या तेलात वळले गेले. चव वेगळी होती, असे आजींनी शेवटपर्यंत सांगितले. बाळंतपण सुखरूप झाले. हे एक उदाहरण आहे, पुरावा नव्हे. देखरेख नसती तर वेगळे घडले असते. पण डॉ. दलालांपुढे १९१९ साली जे साधन नव्हते ते आज आपल्यापाशी आहे. बी-१२ वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये उलगडली. गांधीजींनी डॉक्टरांकडे मागितलेल्या उत्तराचा एक मोठा भाग आता मिळालेला आहे. त्यामुळे ‘शरीराला दूध हवेच’ हा आधार, निदान देखरेखीखालील सुस्थित प्रौढ माणसासाठी, पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. कुपोषित बालकाला रोज मिळणारे पेलाभर दूध बंद करा असे मात्र कोणत्याही तत्त्वज्ञाने सांगू नये; पर्याय त्याच्या हातात दिल्याशिवाय तर नाहीच.

पोटाचे म्हणणे

शेवटची अडचण उपजीविकेची. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धक्रांतीने कोट्यवधी लहान शेतकऱ्यांच्या, विशेषतः बायकांच्या, हातात रोज रोख पैसा दिला. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९० लाख टन होते, जगात सर्वाधिक. पीक बुडाले तरी म्हैस संध्याकाळी दूध देते. आत्महत्येच्या कड्यावर उभ्या शेतकऱ्याला ती कधी कधी मागे ओढते. या माणसाला ‘तू शोषक आहेस’ असे शहरातून सांगणे निष्ठुर आहे. दुसरीकडे, आपल्या शेजारच्या मुरैना-भिंड भागात २०१९ च्या जुलैत कृत्रिम दुधाच्या कारखान्यांवर छापे पडले होते, हेही आपण विसरलेलो नाही. आपली मागणी जेवढी फुगली तेवढे दूध जनावराकडून निघत नाही, हे त्यातून सिद्ध होते. तेव्हा उपदेशाचा रोख विक्रेत्याकडे नको, ग्राहकाकडे हवा; आणि ग्राहकांतही ज्याच्या घरी रबडी, पनीर, श्रीखंड, आइस्क्रीम यांची रेलचेल आहे त्याच्याकडे.

या बाबतीत जुना आदर्श आपल्याला फार दूर शोधावा लागत नाही. दतियाजवळच्या गुजर्रा येथील शिलालेखात अशोकाचे नाव कोरलेले सापडते. याच राजाच्या पहिल्या प्रमुख शिलालेखात, जो गिरनार, कालसी वगैरे ठिकाणी आहे, तो आपल्याच मुदपाकखान्याचा हिशेब देतो. पूर्वी तेथे रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नाही. आणि पुढे हेही मारले जाणार नाहीत. सम्राटाने प्रजेच्या ताटाआधी आपले ताट मोजले. शून्यावर आलो असा दावाही त्याने केला नाही. किती उरले ते आकड्यात सांगितले.

निष्कर्ष

तर मग विचारवंत हे पटवू शकतात काय? माझे उत्तर असे: तर्काने ते पटवूनच चुकले आहेत. निष्कारण वेदना देऊ नये आणि दुधामागे वेदना आहे, या दोन विधानांना समाधानकारक प्रत्युत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. उरलेला विरोध तर्काचा नाही. तो सवयीचा, अपमानाच्या आठवणीचा, प्रकृतीच्या भीतीचा आणि पोटाचा आहे. यांतील एकही गोष्ट केवळ लेख लिहून दूर होत नाही. धूम्रपानाचे आठवून पाहावे. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे डॉल आणि हिल यांचे काम १९५० चे. आपल्या देशातील कायदा २००३ चा. आणि मधल्या काळात रुग्णाला धूम्रपान सोडा म्हणणारे कित्येक डॉक्टर स्वतः ओढत होते. पुरावा पहिल्या दिवसापासून पुरेसा होता. माणसे वळायला अर्धे शतक लागले.

म्हणून जो विचारवंत आपल्या ताटाचा हिशेब आधी देतो, दुसऱ्याच्या जातीला आणि गरिबीला हात लावत नाही, शरीराच्या गरजा लपवत नाही आणि ‘सर्व किंवा काहीच नाही’ असा आग्रह धरत नाही, त्याचेच ऐकले जाईल. दुधाचा निम्मा वापर कमी करणारी दहा घरे, पूर्ण सोडणाऱ्या एका घरापेक्षा जनावरांच्या अधिक कामी येतील.

आपल्या मंडळातील डॉक्टर मित्रांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, दवाखान्यात कोणी दूध सोडल्याचे सांगितले तर त्याची चेष्टा करू नये आणि त्याला घाबरवूही नये. बी-१२ तपासावे, औषध द्यावे, सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे. तो रुग्ण आपल्याकडे मत मागायला येत नाही, मदत मागायला येतो. दुसरी, आपल्या वार्षिक स्नेहभोजनात बासुंदी-श्रीखंडाबरोबर दूध-तुपावाचूनचे दोन पदार्थ असावेत, आणि ते कोपऱ्यात वेगळ्या टेबलावर न ठेवता मुख्य पंगतीत वाढावेत. आपल्या चंबळच्या गजकेत तीळ आणि गूळ यांखेरीज काही लागत नाही. भरली वांगी, अळूचे फदफदे, मसालेभात तेलात उत्तम होतात. आवडले तर लोक पुन्हा मागतील, आणि वाढप्याला कोणतेही तत्त्वज्ञान सांगावे लागणार नाही.